ऑर्डर कोडची अकरा अक्षरे

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका रोलिंग मिलमध्ये मी विद्युत आणि उपकरण देखभालीचे काम पाहतो. आमच्याकडे ८ ते २५ मिलिमीटर व्यासाच्या टीएमटी सळया तयार होतात. गेल्या डिसेंबरपासून जूनपर्यंत मी दोन अवरक्त तापमान संवेदक, म्हणजे पायरोमीटर, निवडून विकत घेऊन बसवण्याच्या कामात होतो. एका ठिकाणी माझी निवड चुकली आणि ते उपकरण बदलून घ्यावे लागले. त्या काळात मराठीत या विषयावर वाचायला मला काही सापडले नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात ९ डिसेंबरला झाली. फे ५०० डी दर्जाच्या सळईला आयएस १७८६ या भारतीय मानकानुसार किमान ५०० मेगापास्कल प्रूफ स्ट्रेस, म्हणजे कायमची ताणली जाण्याआधी सोसायचा ताण, आणि किमान १६ टक्के वाढ, म्हणजे तुटेपर्यंत ताणली जाण्याचे प्रमाण (इलाँगेशन), द्यावी लागते. आमच्या १२ मिलिमीटरच्या तीन नमुन्यांची ताकद हवी त्यापेक्षा बरीच जास्त निघाली आणि वाढ मात्र साडेचौदा टक्क्यांवर अडकली. याचा अर्थ क्वेंच बॉक्समध्ये, म्हणजे पाण्याच्या माऱ्याने थंड करणाऱ्या पेटीत, सळई गरजेपेक्षा जास्त थंड होत होती, किंवा तिथे पोहोचण्याआधीच तिचे तापमान खाली आलेले होते. यातले नेमके काय घडते आहे हे सांगणारे एकही उपकरण आमच्याकडे नव्हते. शेवटच्या स्टँडमधून, म्हणजे लाटणाऱ्या रोलच्या जोडीतून, बाहेर पडणाऱ्या सळईचा रंग पाहून भट्टीवरचे मामा तापमान सांगत. तीस वर्षांच्या नजरेमुळे त्यांचा अंदाज बहुधा २५-३० अंशांच्या आत असायचा. मात्र त्यांच्या पाळीनंतर तो अंदाज सांगणारे कोणी नव्हते, आणि दुपारच्या उन्हात रंग वाचणे त्यांनाही जड जाई.

पाच दिवसांनी मी ६,५०० रुपयांना हातात धरायचे अवरक्त थर्मामीटर आणले. त्यावर १,३५० अंशांपर्यंतची मर्यादा छापलेली होती, त्यामुळे काम भागेल असे मला वाटले. प्रत्यक्षात एकाच बिलेटवर, म्हणजे ज्यापासून सळई लाटतात त्या पोलादी ठोकळ्यावर, दहा सेकंदांच्या अंतराने ९३० आणि १,०१० असे दोन आकडे आले. तेव्हा उपकरणाला दोष दिला. कारण समजायला आठवडा लागला. ते उपकरण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीवर मोजते. धातूची उत्सर्जकता (आदर्श काळ्या वस्तूच्या तुलनेत बाहेर पडणाऱ्या उष्णकिरणांचे प्रमाण), ज्याला आपण सगळे इमिसिव्हिटी म्हणतो, ती पृष्ठभागावर स्केल, म्हणजे ऑक्साइडचा थर, किती आहे त्यानुसार बदलते, आणि त्या बदलामुळे होणारी चूक तरंगलांबीबरोबर वाढते. प्लांकच्या सूत्राने हिशेब केला, तर १,००० अंशांच्या पोलादावर इमिसिव्हिटीत १० टक्के चूक झाल्यास १० मायक्रॉनच्या आसपास ७० अंशांहून अधिक फरक पडतो, तर १ मायक्रॉनवर तोच फरक ११ अंशांच्या जवळ राहतो. तप्त धातूसाठी झेपेल तितकी आखूड तरंगलांबी घ्यावी असे जाणकार सांगतात, त्यामागे हे कारण आहे. हातातले ते उपकरण आता पॅनेलमधील जोडण्या आणि मोटरची बेअरिंगे तपासण्यासाठी वापरतो, आणि त्या कामात ते उत्तम आहे.

कायमस्वरूपी बसवायच्या संवेदकासाठी पुरवठादाराला विचारले, तेव्हा त्याने आधी दोन पानी प्रश्नावली आणि कॅटलॉगचे शेवटचे पान पाठवले. त्या पानावर ऑर्डर कोड होता: अकरा जागा, आणि प्रत्येक जागी निवडायचे एक अक्षर किंवा अंक. तरंगलांबी, तापमानाची श्रेणी, भिंग, फोकसचे अंतर, निशाणा धरण्याची पद्धत, आउटपुट, केबलची लांबी, थंड करण्याची सोय, हवेची कॉलर, ब्रॅकेट आणि प्रमाणपत्र. त्या रात्री मी टेबलाशी बसून तो कोड भरून टाकला. ती माझी पहिली चूक होती, कारण त्यातील बहुतेक उत्तरे मी अंदाजाने लिहिली होती. ४ जानेवारीला ते पान बाजूला ठेवून टेप, खडू आणि साधे थर्मामीटर घेऊन मी मिलमध्ये उतरलो.

पहिली जागा शेवटचा स्टँड आणि क्वेंच बॉक्स यांच्या मधली. तिथे सळई उघड्या पन्हळीतून सुमारे १० मीटर प्रति सेकंद वेगाने जाते. सर्वात जवळ संवेदक बसवता येईल असे अंतर १.२ मीटर होते, आणि तिथल्या हवेचे तापमान जानेवारीतही ५८ अंश भरले. पन्हळीत सळई किती हलते हे पाहण्यासाठी मी मोबाइलवर संथ गतीचे चित्रण केले. ८ मिलिमीटरची सळई दोन्ही बाजूंना मिळून २५ मिलिमीटर सरकत होती. या एका आकड्याने निवडीची दिशा बदलली.

भिंगाच्या कोडमध्ये १००:१ किंवा २००:१ असे गुणोत्तर लिहिलेले असते. अंतराला त्याने भागले की मोजणीच्या ठिपक्याचा व्यास मिळतो. १.२ मीटरवर १००:१ चे भिंग १२ मिलिमीटरचा ठिपका देते, म्हणजे ८ मिलिमीटरची सळई त्यापेक्षा अरुंद. साधा एकरंगी, म्हणजे एकाच तरंगलांबीवर मोजणारा, संवेदक ठिपक्यात येणारी सगळी ऊर्जा एकत्र मोजतो, म्हणून ठिपक्याचा काही भाग रिकामा राहिला की आकडा खाली येतो. ठिपक्यापेक्षा वस्तू दीड ते दोन पट मोठी असावी असा संकेत आहे. २००:१ चे भिंग घेतले, तरी ६ मिलिमीटरच्या ठिपक्यावर २५ मिलिमीटर हलणारी सळई किती वेळ टिकेल? आणखी एक गोष्ट पुरवठादाराकडून लिहून घ्यावी: त्याने दिलेल्या ठिपक्यात एकूण ऊर्जेचा ९० टक्के भाग धरला आहे की ९५ टक्के. हे गुणोत्तर फोकसच्या अंतरावरच खरे असते, त्याच्या अलीकडे-पलीकडे ठिपका मोठा होतो, हेही लक्षात ठेवावे.

या जागेसाठी मी दुरंगी, म्हणजे रेशो पायरोमीटर निवडला. तो जवळजवळच्या दोन तरंगलांब्यांवरील ऊर्जेचे गुणोत्तर काढतो. धूळ, विरळ वाफ किंवा अर्धवट भरलेला ठिपका यामुळे दोन्हीकडची ऊर्जा सारख्याच प्रमाणात घटते, म्हणून गुणोत्तर आणि त्यावरून काढलेले तापमान बदलत नाही. त्यालाही मर्यादा आहे. ठिपक्याच्या उरलेल्या भागात मागची दुसरी तप्त वस्तू दिसत असेल, तर तिची ऊर्जा मिसळते. म्हणून भट्टीचे तोंड पार्श्वभूमीला येणार नाही अशा कोनात जागा धरली.

थंड करण्याच्या सोयीचा रकाना मला सोपा वाटला होता. सर्वत्र वॉटर जॅकेट सुचवले जाते आणि त्याची किंमतही फार नसते. पण जालन्यात उन्हाळ्याचे पाणी म्हणजे टँकर, आणि आमच्या बोअरचे पाणी इतके जड की क्वेंच बॉक्सच्या नोझलवर दर महिन्याला पांढरा थर खरवडावा लागतो. बारीक नळ्यांच्या जॅकेटमध्ये तो थर साचला की प्रवाह घटणार, आणि पाणी थांबले की आतले इलेक्ट्रॉनिक्स शिजणार. पावसाळ्यात उलट अडचण येते: जॅकेट हवेच्या दवबिंदूखाली थंड झाले, तर भिंगावर दव धरते. यावर फायबर ऑप्टिक रचना हा मार्ग निघाला. तिच्यात सळईजवळ फक्त भिंग असलेले छोटे डोके बसते, जे थंड न करता २०० अंशांची हवा सोसते. त्यामागे स्टीलच्या आवरणातील काचतंतूंची केबल येते, आणि इलेक्ट्रॉनिक्सची पेटी दूर, सावलीत राहते. पाण्याची गरज उरत नाही, फक्त भिंगासमोर हवेचा पडदा लागतो. फायबर जागेवर कापता किंवा जोडता येत नाही, म्हणून वळणांसह लांबी मोजून वर एक मीटर धरावा. आमचे माप ३.९ मीटर निघाले आणि आम्ही ५ मीटरची केबल घेतली.

निशाण्याचा रकाना भरताना मामांचा उपयोग झाला. मी लाल लेसर निवडणार होतो. ते म्हणाले, "साहेब, लालबुंद सळईवर तुमचा लाल ठिपका दिसणार कसा?" त्यांचे म्हणणे बरोबर होते. आम्ही हिरवा प्रकाश घेतला.

आउटपुटसाठी ४ ते २० मिलिअँपिअर घेतले, कारण आमच्या पीएलसीमध्ये (मिल चालवणाऱ्या नियंत्रक संगणकात) दोन ॲनालॉग इनपुट मोकळे होते. तार तुटली की प्रवाह शून्यावर येतो आणि ते लगेच कळते, हा ४ पासून सुरू होण्याचा फायदा आहे. ६०० ते १,४०० अंशांची श्रेणी १६ मिलिअँपिअरवर पसरली की एका मिलिअँपिअरला ५० अंश पडतात. श्रेणी विनाकारण मोठी घेतली, तर बारीक फरक याच ठिकाणी हरवतो. प्रतिसादाचा वेळ १० मिलिसेकंद धरला, म्हणजे तेवढ्यात सळई १० सेंटिमीटर पुढे जाते. शिवाय पीक होल्ड मागून घेतले. सुटत आलेली स्केलची खपली आतल्या धातूपेक्षा थंड असते आणि आकडा क्षणभर पाडते. अशा वेळी लगतचा कमाल आकडा धरून ठेवणे खऱ्या तापमानाच्या जास्त जवळ जाते.

दुसरी जागा कूलिंग बेडची, म्हणजे सळया थंड व्हायला पसरतात त्या मंचाची. क्वेंचमधून बाहेर आलेल्या सळईचा पृष्ठभाग थंड असतो. गाभ्यातील उष्णता बाहेर येऊन काही सेकंदांत तो पुन्हा तापतो, आणि त्या वेळचे कमाल तापमान सळईचे गुणधर्म ठरवते. संवेदक फार अलीकडे बसवला, तर हे तापमान चढण्याआधीच मोजले जाते. बॉक्सच्या तोंडाशी पांढरी वाफही असते, आणि ती म्हणजे पाण्याचे बारीक थेंब असल्याने त्यातून कोणतीही तरंगलांबी धड पार होत नाही. म्हणून जागा पुढे सरकवून बेडच्या सुरुवातीला घेतली. इथे सळई स्थिर असते, हवा बरी असते, आणि १६ मिलिमीटरपासून पुढच्या सळयांवरच मोजायचे ठरल्यामुळे साधा एकरंगी संवेदक पुरणार होता. इतकी काळजी घेऊनही तरंगलांबी आणि श्रेणी या दोन रकान्यांत मी पहिल्या संवेदकाशी मिळतीजुळती, म्हणजे १ मायक्रॉन आणि ६०० ते १,४०० अंश, अशी नोंद केली. 'बेडवर सहाशेच्या आसपास' हे सगळ्यांच्या तोंडचे वाक्य मी न मोजता उतरवले होते.

२२ जानेवारीपर्यंत तीन दरपत्रके आली. आमच्याकडे एक लाखाच्या वरच्या खरेदीला तीन दरपत्रके आणि तुलनापत्रक लागते. तुलनापत्रक तयार करणे सर्वात किचकट ठरले, कारण एकाने हवेची कॉलर किमतीत धरली होती, दुसऱ्याने वेगळी लावली होती आणि तिसऱ्याने कॅलिब्रेशन प्रमाणपत्राचा उल्लेखच केला नव्हता. मी तिघांनाही अकरा जागांचा एकच तक्ता पाठवून दर पुन्हा मागवले, त्यात नऊ दिवस गेले, पण त्यानंतर आकडे एकमेकांशेजारी ठेवता आले. दुरंगी फायबर संवेदक २,४८,००० रुपये आणि एकरंगी १,०६,००० रुपये, मिळून ३,५४,००० रुपये; त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३,७२० रुपये धरून ४,१७,७२० रुपये झाले. आमच्या लेखापालांनी सांगितले की बिलावर एचएसएन ९०२५ (मालाचा कर-वर्गीकरण क्रमांक) आणि आमचा जीएसटी क्रमांक अचूक असल्याची खात्री पैसे देण्याआधी करून घ्यावी, म्हणजे कराची वजावट अडत नाही.

मालकांपुढे फाइल ठेवताना मला धास्ती वाटत होती. दोन छोट्या नळकांड्यांसाठी चार लाख का, या प्रश्नाला उत्तर म्हणून मी नापास नमुन्यांचे अहवाल आणि त्या मालाची परत गेलेली खेप, एवढीच कागदपत्रे जोडली. ६ फेब्रुवारीला मंजुरी मिळाली. १० फेब्रुवारीला ३० टक्के आगाऊ रकमेसह खरेदी आदेश गेला.

पाच आठवड्यांचा वायदा होता, सात लागले. बिल ३१ मार्चचे आणि खोके २ एप्रिलला हातात. तो काळ वाया गेला नाही. स्थानिक वर्कशॉपमध्ये ब्रॅकेट आणि पत्र्याचे संरक्षक खोके करून घेतले, त्याला १४,५०० रुपये लागले. ६,८०० रुपयांचे हवेचे दोन फिल्टर बसवले. हा खर्च टाळू नये. आमच्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेल आणि पाणी दोन्ही येते, आणि फिल्टर नसता तर भिंग स्वच्छ ठेवण्यासाठी सोडलेल्या हवेनेच भिंगावर तेलाचा थर चढवला असता. शिल्डेड केबल मोटरच्या केबलपासून वेगळ्या ट्रेमधून नेली आणि शिल्डचे अर्थिंग पॅनेलच्या एकाच टोकाला केले.

९ एप्रिलला देखभालीसाठी मिल बंद असताना दोन्ही संवेदक बसले. संध्याकाळी पहिली सळई धावली आणि पडद्यावर ९८४, ९७९, ९९१ असे आकडे उमटले, तेव्हा मामा माझ्याशेजारी उभे होते. त्यांनी आधीच "हजाराला थोडं कमी" असे सांगून ठेवले होते. दुरंगी संवेदकाची खात्री करण्यासाठी आम्ही २५ मिलिमीटरच्या सळईचा दिवस निवडला. ती सळई ठिपका पूर्ण भरते, म्हणून त्याच उपकरणाचा एकरंगी आणि दुरंगी आकडा पाहता आला, इमिसिव्हिटी ०.८२ ठेवल्यावर दोन्ही ६ अंशांच्या आत जुळले. ८ मिलिमीटरच्या सळईवर मात्र एकरंगी आकडा ९० अंशांपर्यंत खाली कोसळत राहिला आणि दुरंगी आकडा जागेवर राहिला. पन्हळीतल्या त्या २५ मिलिमीटरचा हिशेब तिथे मिळाला.

कूलिंग बेडवर वेगळेच घडत होते. सकाळी संवेदक काहीच दाखवत नसे, आउटपुट ४ च्या खाली जाऊन श्रेणीबाहेरचा इशारा येई. दुपारी तीननंतर त्याच आकाराच्या सळईवर ६८० ते ७०० असे आकडे येत. तीन दिवस मी वायरिंग तपासत राहिलो. १७ एप्रिलला एक सळई बेडवर थांबवून तिच्यावर के टाइप थर्मोकपलचा (दोन धातूंच्या तारांच्या तापमापकाचा) स्पर्श-प्रोब दाबून धरला: ५७८ अंश. म्हणजे सकाळचे मौन खरे होते, कारण ६०० च्या खाली सिलिकॉन डिटेक्टरच्या त्या १ मायक्रॉनच्या संवेदकाला पुरेशी ऊर्जा मिळतच नव्हती. दुपारचा आकडा सूर्याचा होता. आमच्या शेडची पश्चिम बाजू उघडी आहे. १ मायक्रॉनवर ५८० अंशांच्या पोलादाचे स्वतःचे उत्सर्जन इतके क्षीण असते की त्यावरून परावर्तित होणारे ऊन त्याच्या कितीतरी पट भरते. १.६ मायक्रॉनवर हेच पारडे उलटते. तिथे पोलादाचे उत्सर्जन वाढलेले असते, ऊन कमी झालेले असते, आणि पाण्याच्या वाफेचे १.४ आणि १.९ मायक्रॉनजवळचे शोषणपट्टेही दोन्ही बाजूंना राहतात.

चूक माझ्या नोंदीची होती आणि मी मालकांना तसेच लिहून दिले. पुरवठादाराने उपकरण परत घेतले, १५ टक्के म्हणजे १५,९०० रुपये कापले, आणि १.६ मायक्रॉनचा, ३०० ते १,१०० अंशांचा संवेदक १,३२,००० रुपयांना दिला. फरकाचे २६,००० मिळून करांव्यतिरिक्त ४१,९०० रुपये जास्त गेले. ज्या थर्मोकपलने खरा आकडा सांगितला, तो जानेवारीतही आमच्या कपाटात होता. त्या आठवड्यात माझी झोप नीट झाली नाही. २४ एप्रिलला खोके परत पाठवले, नवा संवेदक ५ जूनला आला. तोपर्यंत पश्चिमेला पत्र्याचा आडोसा उभारून घेतला. आता सकाळ-दुपारच्या आकड्यांत ४-५ अंशांपेक्षा जास्त फरक दिसत नाही.

परत पाठवताना उपयोगी पडलेल्या दोन गोष्टी सांगतो. मूळ खोके, फोम आणि भिंगाची टोपी जपून ठेवावी, कारण त्याशिवाय उपकरण परत घेतले जात नाही. आणि डिलिव्हरी चलनावर मालिका क्रमांक लिहावा, नाहीतर क्रेडिट नोटच्या वेळी कोणते उपकरण गेले यावर पत्रव्यवहार वाढतो.

कॅलिब्रेशनबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. एनएबीएल या प्रयोगशाळा-मान्यता मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र घेताना आम्ही ६००, ८०० आणि १,००० हे बिंदू स्वतः लिहून दिले. न सांगितल्यास आपल्या कामाशी संबंध नसलेल्या बिंदूंवरही तपासणी होऊ शकते. तिथे उपकरण ब्लॅकबॉडी, म्हणजे आदर्श उत्सर्जकासारख्या, भट्टीसमोर, इमिसिव्हिटी १.०० ठेवून तपासले जाते. परत आणल्यावर आपली सेटिंग पुन्हा भरायला विसरू नये. आमच्या पॅनेलच्या दाराच्या आतील बाजूला ०.८२ हा आकडा, तारीख आणि सही यांसह चिकटवलेला आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून क्वेंचचे पाणी बेडवरच्या आकड्याकडे पाहून कमी-जास्त केले जाते. १६ मिलिमीटरच्या सळईसाठी आम्ही बेडवर ६०० ते ६३० अंश धरतो, आणि १२ जूनच्या नमुन्यांत वाढ १८ टक्क्यांच्या वर आली. १२ मिलिमीटरचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही, कारण बेडवरचा ठिपका तिच्यासाठी मोठा आहे. तिथे सध्या पहिल्या संवेदकाच्या आकड्यावरून पाणी ठरवतो.

मामांची आता तिसऱ्या संवेदकाची मागणी आहे, भट्टीच्या आत बिलेटवर रोखलेला. तिथे मध्ये ज्वाळा येते, म्हणून ज्वाळेतून पार पाहणारी ३.९ मायक्रॉनची तरंगलांबी लागेल असे दिसते, आणि साध्या काचेची खिडकी चालणार नाही, नीलम काचेची लागेल. प्रश्नावली टेबलावर आली आहे. गुरुवारी मिल बंद असेल, तेव्हा मामा आणि मी टेप घेऊन भट्टीच्या दाराशी जाणार आहोत, त्यानंतरच पहिला रकाना भरेन.